ईशान्येचा उतार

१७ एप्रिल

खालच्या मजल्यावरचे पिवळे पट्टे आज घासायला घेतले. एका गाडीला एक चौकोन, चौकोनात नंबर. सात नंबरच्या जागी विद्यापीठाचं ऑफिस येणार, त्याच्या शेजारी निलम मॅडमची केबिन. शुक्रा गवंडी घासता घासता म्हणाला, "साहेब, इथं उभी राहायची ती गाडी आता कुठं जाईल?" मी म्हटलं, इथे गाडी कधी उभी राहिलीच नाही रे.

खरंच आहे ते. डहाणू रोड स्टेशनजवळ हे तीन मजली पार्किंग ज्या बिल्डरने बांधलं, त्याला वाटलं होतं की पहाटे मुंबईला जाणारे लोक गाड्या इथे सावलीत ठेवतील. लोकांनी त्या रस्त्यावर चिंचेखाली फुकट ठेवल्या. दोन वर्षांत शटर पडलं आणि आत कबुतरं राहायला आली.

आता विद्यापीठाने ते उपकेंद्रासाठी घेतलं आहे. काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. इंजिनिअर त्यांचा पुतण्या देवेश, साइटवर सुपरवायझर मी. सिमेंटवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. एवढं काम पुन्हा माझ्या हातात येईल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

दीप्तीला सांगितलं, तुझी प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, "मग वर रँपनेच यायचं का पप्पा, हॉर्न वाजवत?" आम्ही दोघं हसलो. सरला हसली नाही. तिचं लक्ष भाकरीकडे होतं.

२० एप्रिल

रविवार. महालक्ष्मीच्या जत्रेला तिघं जाऊन आलो. सरलाने बांगड्या भरल्या, दीप्तीने काहीच घेतलं नाही. गर्दीत देवीपुढे फार वेळ उभं राहता आलं नाही. नवस बोललो नाही, मागायची मला सवय नाही. एवढंच सांगितलं की असं असं काम घेतलं आहे, त्यात पोरीचं शिक्षण आहे, लक्ष असू दे.

येताना जुनं आठवत होतं. सरावलीच्या शाळेत मी गणितात पहिला असायचो. दहावीनंतर पुढे शिकायचं तर बाहेरगावी खोली करून राहावं लागलं असतं. वडील म्हणाले, "वाडीत काय कमी आहे तुला?" कमी काहीच नव्हतं. मग काकांच्या हाताखाली गवंडीकामाला लागलो. वडिलांवर राग नाही. त्यांच्या दारात कुठे विद्यापीठ आलं होतं? माझ्या आलं आहे. दीप्तीला घर सोडावं लागणार नाही. बापाने याहून जास्त काय द्यायचं?

६ मे

बारावीचा निकाल लागला. दीप्ती शास्त्र शाखेत कॉलेजात दुसरी आली. साइटवर पेढे वाटले. शुक्राची बायको भिकी डोक्यावर घमेलं घेऊन तशीच समोर तोंड उघडून उभी राहिली. "घाल तोंडात. हात कुठं हायेत मला?"

संध्याकाळी दीप्तीचे रोशन सर घरी आले होते. पुण्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राला तिचा नंबर लागेल, होस्टेलही मिळेल, म्हणाले. मी म्हटलं, अर्ज भरू दे तिला, पण तोच विषय जुलैअखेर आमच्याकडे सुरू होतोय.

"श्यामकांतभाऊ, तिथे अजून कबुतरं आहेत," सर म्हणाले.

"कबुतरं माझ्याकडे लागली, सर. तुम्ही पोरं पाठवा."

जेवताना दीप्तीने विचारलं, "पप्पा, आपलं वेळेत नाहीच झालं, तर मग पुणे?"

"तर पुणे. पण होणार कसं नाही? बनवतंय कोण?"

तिने मान खाली घालून भात कालवला. बापावर भरवसा आहे पोरीचा.

१९ मे

सिमेंटमध्ये मुरलेलं ऑइल निघता निघत नाही. सोडा टाकून घासलं, पुन्हा वर येतं. गाड्या फारशा आल्या नाहीत म्हणतो, पण ज्या आल्या त्या गळक्याच होत्या की काय कोण जाणे. आणि छत खाली. पार्किंगला कशाला हवं उंच? पंखा लावला तर उंच मास्तरने फळ्याकडे हात करताना जपायला हवं.

निलम मॅडम आज पहिल्यांदा पूर्ण फिरून गेल्या. उपकेंद्राच्या त्याच मुख्य. चष्मा कपाळावर, हातात पाण्याची बाटली. म्हणाल्या, "राऊत, या इमारतीला भिंतीच नाहीत हो. नुसते मजले आहेत." मी म्हटलं, भिंती सोप्या असतात मॅडम, मजलेच कठीण. त्यांना ते आवडलं असावं. रँप फोडायचा नाही, त्यावर बसायच्या पायऱ्या करायच्या, असं त्यांचं ठरलं आहे. मुलं तिथे बसून वाचतील.

दीप्ती डबा घेऊन आली तेव्हा मॅडमनी तिला जवळ बोलावलं. काय वाचतेस, काय आवडतं, असं बरंच विचारलं. दोघी अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर बसून बोलत होत्या. माझी पोर एवढं बोलते हे मला ठाऊक नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, "आणि शिकणार इथेच?"

"पप्पा म्हणतात," दीप्ती म्हणाली.

जाताना मॅडम मला बाजूला म्हणाल्या, "मुलगी फार हुशार आहे राऊत. हिला ही इमारत लहान पडेल."

मी म्हटलं, त्याची काळजी नको. प्रयोगशाळेच्या शेजारची स्टोअररूम मधली भिंत न घालता आत घेता येईल. देवेशशी बोलतो. मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "बघा काय होतं ते."

२ जून

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. देवेशला सांगायची सोय नाही, तो हसेल.

या इमारतीतलं सगळं पाणी नैर्ऋत्येला जातं. गाड्या धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून प्रत्येक मजल्याला रँपकडच्या कोपऱ्याकडे उतार आहे, तिथेच खाली जाणारा पाइप. गाड्यांना काय, चालतं. पण काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, की घराचं पाणी ईशान्येला जाऊ द्यावं. नैर्ऋत्येला पाणी गेलं की घरातलं टिकत नाही. आजवर मी केलेल्या एकाही घराचा उतार मी चुकवलेला नाही, आणि माझ्या घराची जमीन तर कोणीही येऊन बघावी.

आणि ही तर विद्येची खोली. दीप्ती तीन वर्षं तिथे उभी राहणार.

आज सकाळी जपाला बसलो तर माळेचे मणी हातातून पुढे जात होते आणि मी डोळ्यांपुढे त्या खोलीचा कोपरा बघत होतो.

९ जून

प्रयोगशाळेच्या जमिनीचा कोबा घातला. बाकीच्या खोल्या देवेशच्या नकाशाप्रमाणे. या एका खोलीत मी शुक्राला ईशान्येकडे अगदी थोडा उतार ठेवायला सांगितलं. मान म्हणून फक्त. डोळ्याला दिसणार नाही एवढाच.

शुक्रा लेव्हलच्या नळीतलं पाणी बघत उभा राहिला. "मोरी तिकडं, उतार इकडं. पाणी काय पाठमोरं चालत जाईल?"

"थोडाच आहे रे."

"पाण्याला थोडा नि जास्त कळत नाय, साहेब." मग हसला. "देवाला पाजायचंय का? मंग सांग ना तसं. देवाचं असलं त मी बोलत नाय." आणि थापी उचलून कामाला लागला. शुक्रा सगळ्यांनाच 'तू' म्हणतो, देवेशला, मॅडमना, मला. त्यांच्याकडची रीतच ती. मला त्याचं कधी वाईट वाटत नाही, पण आज मात्र तो बरोबरीचा होऊन बोलला असं वाटलं.

संध्याकाळी खोली गुळगुळीत, ओली चमकत होती. आठवडाभरात प्रथमच जप नीट झाला.

२२ जून

भिंती व्हायच्या आत पाऊस आत शिरतो. तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या, वाऱ्याने त्या रात्रंदिवस फडफडतात. खिडक्यांच्या चौकटी अजून उंबरगावच्या कारखान्यात अडकल्या आहेत. मालकाला फोन केला की "थई जशे, थई जशे" म्हणतो. कधी होणार ते विचारलं की फोन कट.

सरला आणि दीप्ती काल वापीला जाऊन आल्या. एवढी मोठी चाकांची बॅग आणली. मी विचारलं, सरावलीहून स्टेशनला जायला एवढी कशाला? सरला म्हणाली, "याच मापाच्या होत्या." दोन जाड चादरीही आणल्या. आमच्याकडे जाड चादर लागते कधी? सेल लागला असेल.

४ जुलै

काय लिहू.

आज विद्यापीठाची समिती आली होती, तीन जण. ऑफिस बघितलं, वर्ग बघितले, रँपवरच्या पायऱ्यांवर बसून एकाने फोटो काढून घेतला. सगळं ठीक चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत आले. त्यातल्या एका सरांनी नळ सोडला आणि बेसिनखालची जोडणी बघायला वाकले. जोडणी सैल होती, पाणी जमिनीवर आलं. तेवढं चाललं असतं. पण पाणी मोरीपाशी गेलंच नाही. मोरीला पाठ करून ते खोलीभर हळूहळू पसरत गेलं, मॅडमच्या चपलांखालून, टेबलांखालून, थेट समोरच्या कोपऱ्यात. तिथे साठलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. खालच्या वर्गातून कुणीतरी ओरडलं, "वरून गळतंय!"

मग सरांनी टेबलावरचा तराजू बघितला, त्यातला पातळीचा बुडबुडा एका कडेला. दुसरं टेबल, तेच. ते म्हणाले, "इथे मोजलेलं काही खरं येणार नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

निर्णय असा: यंदा कला आणि वाणिज्य सुरू. विज्ञान चोवीस तारखेला पुन्हा बघतील. तेव्हा पास झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी. पुण्याच्या प्रवेशाची शेवटची फेरी सव्वीसला आहे.

५ जुलै

देवेशने सकाळी सगळ्यांसमोर शुक्राला झापलं. "दारू पिऊन लेव्हल काढतोस का?" शुक्रा माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. मी मध्ये पडलो. सांगितलं, मी सांगितलं म्हणून त्याने केलं.

"का पण, काका?"

"ईशान्येला."

देवेशने डोक्याला हात लावला. म्हणाला, "काका, माझी आजी असती ना, तिने तुम्हाला शाबासकी दिली असती. मी काय करू सांगा." मग हिशोब केला. कोबा फोडायचा, तोही छिन्नीने, मशीन लावलं तर जुना स्लॅब हादरेल. नवा घालायचा, आठवडाभर पाणी मारायचं. आज सुरू केलं तर बसतं, नाहीतर नाही.

शुक्रा म्हणाला, "आज नाय बसत. आवणी लागली, भात लावाय हवा. रातीच्या गाडीला आमी चाललो."

दीप्तीला घरी सगळं सांगितलं. माझी चूक आहे हेही सांगितलं. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या पप्पा. नाही झालं तर नाही झालं." एवढी शांत! तिचं मन मोडू नये म्हणून आता काहीही करायला मी तयार आहे.

६ जुलै

एकादशी. उपाशी पोटी मोटरसायकलवर उधव्याला गेलो. पावसात रस्ता दिसत नव्हता. शुक्राचं घर टेकडीच्या पायथ्याशी, खाली खाचरं. सगळा पाडा चिखलात उतरलेला. शुक्रा राबातून उपटलेल्या रोपाच्या जुड्या बांधावर टाकत होता.

म्हटलं, चल बाबा, फोडायला तुझाच हात हवा.

तो म्हणाला, येता येत नाही. त्यांच्याकडे आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात, असे सगळे मिळून लावतात. शुक्राचं शेत लोकांनी काल, तो पोचायच्या आधीच लावून दिलं. आता त्याच्या वाटचे दिवस हाल्याच्या आणि जमनाच्या शेतात फेडायचे. न फेडता शहरात कामाला गेला, तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कुणी पाय ठेवणार नाही.

भिकी चिखलातूनच म्हणाली, "तुझी पोर शिकाय हवी म्हणून हाल्याचा राब कुजू दे का?"

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, शुक्राच्या वाटचे दिवस मी भरतो. मी आणि माझी मुलगी. शुक्रा आणि दोन गडी साइटवर जाऊ देत.

सगळे हसले. हाल्या म्हातारा आहे, त्याला ऐकू कमी येतं. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तोही हसला. "हा सुपरवायझर लावील? रोप त उलटं नाय ना लावणार?" मी चपला काढल्या, पँट वर केली आणि एक ओळ लावून दाखवली. शाळा सुटली की आम्ही हेच करायचो. हाल्याने ओळ बघितली आणि मान हलवली.

८ जुलै

दोन दिवस उधव्याला. दीप्तीला विचारलं तेव्हा ती लगेच निघाली, कसली कुरकुर नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती खाचरात उतरली. पहिल्या दिवशी दोनदा पडली, बायकांनी खूप चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी भिकीच्या शेजारी वाकून तिच्याच वेगाने लावत होती. पाठ मोडली माझी. ती मात्र थांबायचं नाव घेत नव्हती. मी म्हटलं, "बस कर गं जरा." तर म्हणाली, "राहिलेलं संपवू, म्हणजे शुक्राकाकांना परत यावं लागणार नाही."

माझ्यासाठी एवढं कोण करतं? मनात म्हटलं, हिला घरापासून तोडायला निघालेल्या लोकांनी आज इथे येऊन हिला बघायला हवं होतं.

दुपारी बांधावर भिकीने सुकटीची चटणी आणि भाकरी दीप्तीला दिली. दोघी लांब बसल्या होत्या. काय बोलल्या ऐकू आलं नाही. एकदा दीप्ती डोळे पुसताना दिसली. चटणी तिखट होती.

परत येताना भिकी मला म्हणाली, "साहेब, हिला राबातच ठेवशील का?"

मी म्हटलं, लग्नाचं वय नाही अजून तिचं.

भिकीने कपाळावरचा चिखल पुसला आणि निघून गेली.

१२ जुलै

फोडून झालं. शुक्राच्या छिन्नीचा आवाज चार दिवस डोक्यात आहे, जेवताना, आंघोळ करताना, पूजेला बसताना. स्लॅबला धक्का नाही. उद्या नवा कोबा. या वेळी नळी मी स्वतः चारही कोपऱ्यांत धरणार, देवेश पुन्हा त्याच्या यंत्राने बघणार. उतार नाही, फक्त मोरीच्या भोवती थोडा. नैर्ऋत्येला.

देवीला म्हटलं, दिशा तुझ्याच आहेत सगळ्या. मला समजून घे.

१५ जुलै

कोबा झाला. कडेने मातीचे बांध घालून पाणी भरून ठेवलं आहे. खोलीत तळं. मी तासातासाने जाऊन बघतो. शुक्रा म्हणतो, "बघून काय लवकर सुकल?"

घरात कुणाशी धड बोलणं होत नाही. सरला काही विचारते, मी दुसरंच उत्तर देतो. आज ती म्हणाली, "तुम्ही आणि तुमची ती जमीन." तिच्या बोलण्यात आधी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

२१ जुलै

आज जे झालं ते लिहावं की नको.

आवणी संपली, बायकाही कामावर परत आल्या. दुपारी दीप्ती डबा घेऊन आली. पाणी काढून खोली मोकळी केली होती. मी तिला म्हटलं, ये, आत येऊन बघ, आता तराजू ठेवला की बुडबुडा बरोबर मध्ये येईल. ती दारापाशी थांबली. मग चप्पल काढून आत आली.

"या वेळी पास होईल ना, पप्पा?"

"होईल."

"नक्की?"

"देवीच्या कृपेने नक्की."

"बरं झालं," ती म्हणाली. खोलीभर एक फेरी मारली, टेबल जिथे येणार तिथे उभी राहिली, खिडकीच्या चौकटीतून बाहेर बघितलं. मग म्हणाली, आई वाट बघत असेल, आणि गेली.

ती गेल्यावर भिकी घमेलं खाली ठेवून म्हणाली, "साहेब, राग धरू नको. मी सासरी पयल्यांदा घरात शिरली ना, तवा अशीच चालली होती."

मी रागावलो. म्हटलं, तू तुझं काम कर. फार मोठ्याने बोललो. शुक्रा, देवेश, सगळे बघायला लागले. भिकीने घमेलं उचललं. "करते ना काम. तुझंच करते."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. अडाणी बाई, तिला काय कळतं. पण दीप्ती माझ्याही समोरच चालली होती. मी तिच्या पायांखालचा कोबा बघत होतो, पाय नाही.

२३ जुलै

उद्या समिती. सकाळी जपाला बसलो आणि माळ खाली ठेवून उठलो. असं कधी केलं नव्हतं.

दीप्तीला विचारावं असं दोनदा वाटलं. विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा." पाच वर्षांची होती तेव्हापासून ती हेच म्हणते. मला वाटायचं, किती गुणाची पोर.

मी माझ्या वडिलांना काय म्हणालो होतो? हेच.

२४ जुलै

सकाळी तेच सर आले. या वेळी त्यांनी मुद्दाम बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ मोरीत गेलं, मागे थेंब राहिला नाही. तराजू बघितला. माझ्याशी हात मिळवला. "राऊत, आता बिनधास्त." निलम मॅडमनी टाळ्या वाजवल्या. देवेशने मला मिठी मारली. शुक्रा दारात उभा राहून विडी पेटवायची की नाही या विचारात होता.

विज्ञान शाखा यंदाच सुरू. मिळालं, जे हवं होतं ते सगळं. मला त्या खोलीत फार वेळ उभं राहता आलं नाही.

घरी जाताना चिकूच्या वाडीशी गाडी थांबवून बसलो. उठलो तेव्हा काय बोलायचं ते ठरलं होतं. मी आजवर जाणूनबुजून खोटं बोललेलो नाही. काकांना, वडिलांना, ठेकेदाराला, कुणालाच. म्हणून शब्द जुळवायला वेळ लागला.

दीप्ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी चपला काढता काढताच म्हटलं, "नाही झालं गं."

तिने मान वर केली.

"पुन्हा पाणी साठलं. छतही खाली आहे म्हणाले, हवा खेळत नाही. यंदा विज्ञान नाही. पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही." एवढं बोलल्यावर मला वाटलं अजून काही पुरावा हवा, म्हणून म्हटलं, "सर फार रागावले."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ. तिच्या हातातले तांदूळ सुपात पडले.

"मग, पप्पा?"

"मग काय. ठरलं होतं तसं. पुणे. परवाची तारीख आहे, उद्याच निघू. मी सोडायला येतो."

ती उठली, आणि एकदम खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. परीक्षेला जातानाही ती वाकत नाही, मी कधी सक्ती केली नाही. उठली तेव्हा डोळे भरलेले होते. म्हणाली, "तुमची एवढी मेहनत वाया गेली ना, पप्पा."

मी म्हटलं, जमीन वाया जात नाही. दुसरं कुणी वापरेल.

सरला चुलीपाशी होती, मागे वळली नाही. पाठ हलत होती. जेवताना म्हणाली, दुपारी निलम मॅडमचा दीप्तीला फोन आला होता. कशाबद्दल ते विचारायचं माझ्याकडून राहिलं. कागदपत्रांचं काही असेल.

२५ जुलै

पुण्याच्या एसटीत बसून लिहितो आहे, अक्षर हलतंय. उद्या प्रवेश. दीप्ती खिडकीला आहे. चारोटी नाका गेला तशी ती हळूहळू बोलायला लागली आणि मग थांबेचना. पाण्याच्या एका थेंबात काय काय जिवंत असतं, पेशी कशा दुभंगतात, होस्टेलच्या खोलीत किती जणी असतील. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. मी हो हो म्हणत होतो.

खोट्याचं ओझं छातीवर आहे. परत आलो की आधी देवीला जाईन, घरी नंतर. मॅडमना आणि देवेशलाही सांगून ठेवायला हवं की दीप्तीशी बोलताना सांभाळून.

मनोर मागे पडल्यावर तिने होस्टेलचं बोलणं अर्धवट सोडलं. मग बाहेर बघत म्हणाली, "पप्पा, एक विचारू? आपली लॅब काल पास झाली असती, तर मला पाठवलं असतंत?"

मी म्हटलं, "नसतं पाठवलं."

ती माझ्याकडे वळली आणि हसली. लहानपणी हसायची तशी, सगळं तोंड भरून. "खरं?"

"खरं. बाप आहे मी तुझा. मला काय वाटेल ते बोलशील?"

"नाही बोलत," ती म्हणाली, आणि माझ्या दंडाला दोन्ही हातांनी धरून खांद्यावर डोकं टेकलं. अजून हसतच होती. मी असं काय बोललो, मला समजलं नाही. विचारणार होतो, पण तोवर तिला झोप लागली होती. तिचं डोकं हलू नये म्हणून आता डाव्या हाताने लिहिता येतं का बघतो आहे.